कोंडलेला वारा
(नभोवाणीवरील भाषण)

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या वाडीवर पावसाळ्याच्या दिवसांत गेले असता मुलांच्या हातांत एक साधे खेळणे हटकून दिसत असे. क्वचित आजही दिसते. वीत-दीड वीत लांबीची बांबूची पोकळ नळी, तिच्यात सरकेल असा काठीचा दट्ट्या आणि वाटाण्याएवढी हिरवी, कठीण फळे, एवढेच त्याचे साहित्य. एक फळ दट्ट्याने ढकलीत नेऊन नळीच्या पुढच्या तोंडाशी घट्ट बसवावयाचे, दुसरे मागच्या तोंडात घालावयाचे आणि तळहाताने दट्ट्या एकदम आत रेटावयाचा. 'फट्' असा आवाज होतो आणि पुढचे फळ उडून काही पावलांवर जाऊन पडते. मागचे फळ सरकत त्याच्या जागी येऊन बसते. एक बार संपतो तोच दुसऱ्याची निम्मी तयारी झालेली असते. बस्तर भागात जगदलपूर येथे आषाढातील रथयात्रेच्या वेळी गोंचा नावाचा उत्सव होतो. त्यात याच खेळण्याला 'तुपकी' म्हणतात आणि तिच्या बारांनी जगन्नाथाच्या रथाला सलामी देतात. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्याला 'तुपक' हा शब्द भेटला आहे, त्याला या नावाचे नाते सांगावयास नको.

हे फळ कोणी फेकले, असे त्या मुलाला विचारले तर तो काठीकडे बोट दाखवील. परंतु काठी पुढच्या फळाला शिवतसुद्धा नाही. दोन फळांच्या मध्ये सापडलेली थोडीशी हवा काठीने दाबली गेली, तिला जागा पुरेनाशी झाली आणि वाट अडवून बसलेल्या फळाला तिने बाहेर लोटले. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या दाबला असता अंगठ्याला जो उलटा रेटा जाणवतो, तोच हा. हवेची तोफ लहान असो वा मोठी, ती याहून निराळे काही करीत नाही. तिच्यात दारू नाही, ज्वाळा नाही, धूर नाही. आहे तो केवळ कोंडलेला आणि मोकळा होऊ पाहणारा वारा.

पुष्कळांच्या बाबतीत हा खेळ बालपणाबरोबर संपतो. काहींच्या बाबतीत तो वयाबरोबर वाढत जातो. घरच्या घरी हवेची तोफ तयार करून तिच्यातून बटाटे, चेंडू किंवा भोपळे उडविण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी प्रौढ आणि कर्तबगार माणसांना जडलेला आहे. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील डेलावेअर राज्यातले. तेथील ससेक्स परगण्यात १९८६ साली काही मित्रांमध्ये भोपळा कोण अधिक दूर फेकतो अशी पैज लागली आणि घरी जुळविलेली यंत्रे घेऊन ते शेतात उतरले. त्या वर्षीची विजयी फेक दोनशे फुटांच्याही आतली होती. पुढे या पैजेची मोठी वार्षिक स्पर्धा झाली. दगडफेकी यंत्रांचे, फिरत्या दांड्यांच्या यंत्रांचे आणि हवेच्या तोफांचे निरनिराळे वर्ग पडले. नियम थोडे पण काटेकोर होते. भोपळा आठ ते दहा पौंडांचा असावा. स्फोटक द्रव्य मुळीच वापरू नये. आणि भोपळा नळीतून अखंड बाहेर पडावा. तो वाटेतच फुटून चुरा झाला तर प्रेक्षक त्याला तिकडच्या एका भोपळ्याच्या पक्वान्नाचे नाव देऊन हसत आणि ती फेक बाद होई.

या साध्या चौकटीत छांदिष्टांनी जी मजल मारली ती थक्क करणारी आहे. २०१३ साली या स्पर्धेत हवेच्या तोफेने भोपळा सुमारे ४,६९५ फूट, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर दूर फेकला. त्याआधी २०१० साली युटा राज्यातील मोआब येथे दुसऱ्या एका तोफेने ५,५४५ फुटांची फेक नोंदविली होती. हे अंतर एका मैलाहूनही अधिक भरते. दोनशे फुटांपासून मैलापर्यंतचा हा प्रवास पंचवीस वर्षांच्या आत झाला, आणि तो केला हौसेने, पदरचा पैसा खर्चून आणि सुट्टीचे दिवस वेचून लोखंडाशी झुंजणाऱ्या माणसांनी.

पण त्याच स्पर्धेत २०१६ च्या नोव्हेंबरात ब्रिजव्हिल येथे एक तोफ सुटत असता तिचा धातूचा एक भाग उडाला आणि चित्रीकरणासाठी आलेल्या दूरचित्रवाणीच्या पथकातील एक स्त्री अत्यंत गंभीर जखमी झाली. पुढची दोन वर्षे स्पर्धा भरली नाही. २०१९ साली ती भरली ती इलिनॉय राज्यात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, भोपळा कोणाला लागला नव्हता. जे उडाले ते तोफेचे स्वतःचेच अंग होते. बांबूच्या नळीने खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत असे कधी घडल्याचे ऐकिवात नाही. तत्त्व एकच असता हा फरक कोठून आला? केवळ आकार मोठा झाला म्हणून, असे उत्तर कोणीही पटकन देईल; परंतु ते पुरते खरे नाही.

बांबूच्या नळीत दाब निर्माण होतो तो मुलाच्या तळहाताने, आणि त्याच क्षणी तो खर्चीही पडतो. मुलाने हात थांबविला की दाब थांबला. भरणारा हात आणि सोडणारा हात एकच, आणि दोन्ही क्रियांमध्ये क्षणाचेही अंतर नाही. हवेच्या मोठ्या तोफेत मात्र तीन अंगे वेगळी होतात. हवा साठविणारी टाकी हे पहिले, ती अडवून धरणारी झडप हे दुसरे आणि गोळ्याला वाट देणारी नळी हे तिसरे. पंप सावकाश, घटकाभर चालवून टाकी भरता येते. माणसाच्या दंडातले बळ अशा रीतीने थेंबाथेंबाने साठवून ते निमिषार्धात मोकळे करता येते. तोफेचे सारे सामर्थ्य या साठवणीतून येते, आणि तिचे सारे संकटही तेथूनच येते. कारण भरणे आणि सोडणे यांच्यामध्ये आता काळ शिरला. त्या काळात टाकी शांत उभी असते. ती तापत नाही, गुरगुरत नाही, तिला वास येत नाही. भरलेली टाकी आणि रिकामी टाकी डोळ्यांना सारखीच दिसते.

हवेच्या तोफेचा इतिहास सामान्यतः नळीच्या आणि पल्ल्याच्या बाजूने सांगितला जातो. तो टाकीच्या बाजूने पाहिला तर अधिक बोधप्रद होतो. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत क्टेसिबियस नावाचा एक न्हाव्याचा मुलगा होऊन गेला. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांचा आद्य जनक असे त्याला म्हणतात. त्याने एक शस्त्र योजिले होते, त्याचे वर्णन बायझँटियमच्या फायलोने करून ठेवले आहे. त्यात कांशाच्या नळकांड्यांत दट्ट्ये घट्ट बसविलेले असत, आणि दाबलेली हवा स्प्रिंगचे काम करून दगड फेकीत असे. या यंत्राची सारी मदार नळकांडे आतून किती गुळगुळीत घासले आहे आणि दट्ट्या त्यात किती चपखल बसतो यावर होती. हवा पकडणे हे काम कारागिराच्या कानशीचे आहे, ही गोष्ट इतक्या पूर्वी माणसाला कळून चुकली होती.

सतराव्या शतकात जर्मनीतील माग्देबुर्गच्या ओटो फॉन गेरिके याने हवेचा पंप तयार केला आणि प्रश्नाची दुसरी बाजू उघड झाली. हवा दाबून भरण्याऐवजी नळीतील हवाच काढून घेतली, तर बाहेरच्या वातावरणाचा भार गोळ्याला आत ढकलतो. या तत्त्वावर त्याने बंदूक योजिली. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने तिच्यात सुधारणा करून १६८६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचा प्रयोग दाखविला. हाच पापँ आपल्या गृहिणींच्या ओळखीचा असावयास हवा; कारण १६७९ साली त्याने वाफेच्या दाबावर हाडे शिजविणारे जे भांडे तयार केले, ते आजच्या प्रेशर कुकरचे मूळ होय. भांडे फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजनाने दाबून धरलेली एक झडप बसविली. दाब मर्यादेबाहेर गेला की ती आपोआप उचलली जाई आणि वाफेला वाट देई. कुकरची शिट्टी ही या झडपेचीच नात. दाब साठविण्याची हौस असणाऱ्याने दाबाला पळवाटही आधीच ठेवली पाहिजे, हे शहाणपण स्वयंपाकघरात तेव्हापासून नांदत आहे.

यानंतर शंभर वर्षांनी हवेची बंदूक रणांगणावर आली. बार्तोलोमेओ जिरार्दोनी या टिरोलकडच्या कारागिराने तयार केलेली बंदूक १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारली. तिचा लोखंडी दस्ता हीच तिची टाकी होती. वीस गोळ्या एका नळीत ओळीने भरलेल्या असत आणि त्या एकामागून एक झाडता येत. इतर शिपाई एकेक गोळी ठासण्यात गुंतलेले असताना हे केवढे सामर्थ्य होते, हे उघड आहे. शिवाय धूर नसल्यामुळे नेमबाजाचा ठाव शत्रूला लागत नसे. पण टाकी पुरती भरावयास हातपंपाचे सुमारे दीड हजार ठोसे मारावे लागत. झडपेतील चामड्याच्या चकत्या ओलसर ठेवाव्या लागत. त्या वाळल्या की हवा निसटे. आणि एवढा दाब सोसणाऱ्या, कोठेही न झिरपणाऱ्या टाक्या तयार करणे त्या काळच्या लोहारकामाला फार जड गेले. १८१५ पर्यंत ही बंदूक सैन्यातून निघून गेली. ती हरली ती शत्रूपुढे नव्हे. टाकीच्या सांध्यांनी आणि झडपेच्या चामड्याने तिला हरविले.

अशीच एक हवेची बंदूक मेरिवेदर लुइस याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील आपल्या सुप्रसिद्ध मोहिमेवर बरोबर घेतली होती. ती जिरार्दोनीच्याच घडणीची असावी, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मोहीम निघाली त्याच दिवशी, म्हणजे १८०३ च्या ऑगस्टच्या अखेरीस, पिट्सबर्गजवळ ओहायो नदीतील एका बेटावर त्याने जमलेल्या लोकांना ती चालवून दाखविली. सात वेळा नेम धरला आणि तो बरा लागला. मग ती एका गृहस्थाच्या हाती दिली. त्याला तिची रीत ठाऊक नव्हती. बंदूक अवचित सुटली आणि गोळी चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या टोपीतून, तिचे कानशील खरडून गेली. ती कोसळली, रक्त वाहू लागले, आणि ती मेलीच अशा समजुतीने सारे हादरून गेले. सुदैवाने जखम वरवरची निघाली. लुइसने हा प्रसंग आपल्या रोजनिशीत प्रांजळपणे नोंदविला आहे. येथे भरणारा हात एकाचा होता आणि सोडणारा दुसऱ्याचा. साठवलेला दाब ज्याच्या हाती जाईल त्याचा चाकर होतो. तो जाणता आहे की अजाण, याची विचारपूस तो करीत नाही.

हवेच्या तोफेचा सर्वांत भव्य प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. डायनामाइट नवे होते आणि नाजूक होते. दारूच्या तोफेतून ते उडविले तर पहिल्याच धक्क्याने नळीतच फुटण्याची धास्ती. दाबलेल्या हवेचा रेटा मात्र दारूच्या धक्क्याहून पुष्कळ सौम्य असतो. हे ओळखून अमेरिकेत प्रथम मेफर्ड या संशोधकाने आणि पुढे एडमंड झालिन्स्की या लष्करी अधिकाऱ्याने हवेच्या तोफा उभारल्या. त्यांच्यासाठी 'व्हिसूव्हियस' नावाची खास युद्धनौका बांधण्यात आली. तिच्या नाकाडावर पंधरा इंच व्यासाच्या, पंचावन्न फूट लांबीच्या तीन नळ्या एकाच कोनात पक्क्या बसविल्या होत्या. नेम धरावयाचा तर सारे जहाज वळवावे लागे, आणि पल्ला कमी-अधिक करावयाचा तर सोडलेल्या हवेचे माप बदलावे लागे. १८९८ च्या जूनमध्ये क्यूबातील सांतियागो बंदरावर या नौकेने रात्रीच्या वेळी मारा केला. तोफेचा गडगडाट नाही, आधी कसली सूचना नाही, एकदम किनाऱ्यावर प्रचंड स्फोट! शत्रूच्या मनावर याचा धसका बसला, परंतु प्रत्यक्ष नुकसान बेताचेच झाले. पुढे धक्का सोसणारी स्फोटके निघाली आणि या अवजड योजनेचे प्रयोजनच उरले नाही. नौकेवरच्या नळ्या काढून टाकण्यात आल्या.

लष्करांनी सोडून दिलेली ही विद्या मग छांदिष्टांच्या आणि संशोधकांच्या हाती राहिली. छांदिष्टाला तिच्यातून जे शिकावयास मिळते ते थोडे नाही. पल्ला वाढवावयाचा म्हणजे दाब वाढवावयाचा, अशी नवशिक्याची समजूत असते. अनुभवी माणूस दाबाकडे सर्वांत शेवटी वळतो. झडप सावकाश उघडत असेल तर निम्मी हवा गोळा निघून गेल्यावर मागून येते आणि फुकट जाते. गोळा नळीत सैल बसत असेल तर हवा त्याच्या कडेने निसटते. नळी आखूड असेल तर हवेचा रेटा पुरा कामी येण्याआधीच गोळा बाहेर पडतो, आणि फार लांब असेल तर घर्षणच त्याला धरून ठेवते. या चुका दुरुस्त केल्या तर त्याच दाबावर पल्ला कितीतरी वाढतो. शिवाय हवेच्या वेगालाही मर्यादा आहे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. गोळ्याचा वेग त्याच्या जवळ जाऊ लागला की त्याच्यामागून धावणाऱ्या हवेचा रेटा झपाट्याने मंदावतो आणि वाढविलेल्या दाबाचे फळ कमी कमी होत जाते. दाबाची हाव धरणाऱ्याला म्हणूनच धोका पुष्कळ आणि लाभ थोडा मिळतो.

हा धोका किती, याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. दहा लिटरची, म्हणजे घरातल्या एखाद्या बादलीहूनही लहान अशी टाकी घ्यावी. गॅरेजमधील कॉम्प्रेसर सर्रास देतो तेवढा, दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोग्रॅम इतका दाब तिच्यात भरावा. ती अचानक फुटली तर सुमारे दहा हजार ज्यूल इतकी ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते. साठ किलो वजनाचा माणूस पाच मजल्यांहून अधिक उंचीवरून खाली पडला असता जेवढी ऊर्जा जमिनीवर आदळेल, तेवढी ही आहे. आता तीच टाकी पाण्याने काठोकाठ भरून पाण्यालाच तेवढा दाब दिला तर? पाणी दबत नाही म्हटले तरी चालेल, म्हणून त्यात साठते ती ऊर्जा अवघी दीड ज्यूल. एक किलोचे वजन टीचभर उंचीवरून सोडल्याएवढी. दाब एकच, टाकी एकच, आणि अंतर दीड ज्यूल ते दहा हजार ज्यूल!

यामुळेच दाबाची भांडी तपासणारे जाणते लोक ती हवेने न तपासता पाण्याने तपासतात. भांडे पाण्याने भरून कामाच्या दाबाहून अधिक दाब देतात. कच्चे असेल तर ते चिरते आणि पाण्याची धार निघते. कोणाचा जीव जात नाही. आपल्या घरी येणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीचीही ठरावीक मुदतीने अशीच परीक्षा होते. तिच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर इंग्रजी अ, ब, क, ड या अर्थाचे अक्षर आणि वर्षाचे आकडे रंगविलेले असतात. पुढची परीक्षा कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत व्हावयाची, हे त्यावरून कळते. पुष्कळ घरांत ती अक्षरे कोणी वाचीत नाही. ती वाचण्यासाठीच लिहिलेली असतात.

घरगुती तोफांतील सर्वांत घातक चूक याच जागी होते. बाजारात पाण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळ्या मिळतात. त्या स्वस्त असतात, करवतीने कापता येतात, डिंकाने जोडता येतात. त्यांवर दाबाचा आकडाही छापलेला असतो. तो वाचून नवशिक्याला वाटते की, एवढा दाब ही नळी सोसणार. पण तो आकडा पाण्याचा आहे, हवेचा नव्हे. असली नळी उन्हाने, थंडीने, एखाद्या ठोक्याने आतल्या आत ठिसूळ होते, आणि हवेने भरलेली असताना फुटली तर वाकत किंवा चिरत नाही. तिच्या धारदार कपच्या चहूकडे उडतात. ती दहा वेळा टिकली म्हणून अकराव्या वेळी टिकेल असे नाही. उलट प्रत्येक वेळी ती थोडी थकत गेलेली असते. दाबलेल्या हवेसाठी म्हणून घडविलेली आणि तपासलेली टाकी, तिच्यावर दाब दाखविणारी तबकडी आणि पापँच्या भांड्यावर होती तशी आपोआप उघडणारी झडप, या तीन गोष्टी नसतील तर पुढचे काही करूच नये.

या शिस्तीने चाललेली हवेची तोफ केवढ्या उपयोगाला येते, याचा दाखला एका शोकप्रसंगात मिळाला. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे अवकाशयान उडाले, त्यानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनाच्या टाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आपटला. त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास. हाताने चुरडता येईल असा तो पदार्थ. १ फेब्रुवारीला परत येताना यान आकाशातच भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. एवढासा फेसाचा तुकडा यान कसे पाडील, असा संशय पुष्कळांना होता. तो फेडण्यासाठी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील संशोधन संस्थेत दाबलेल्या वायूची तोफ वापरण्यात आली. ७ जुलै २००३ रोजी तिने तेवढाच तुकडा ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने पंखाच्या खऱ्या भागावर झाडला आणि त्यात फूट-सव्वा फुटाचे भगदाड पडले. संशयाला जागाच उरली नाही. विमानाच्या काचा आणि इंजिने पक्ष्यांच्या धडकेला टिकतात की नाही, हेही अशाच तोफांनी तपासले जाते. भोपळे उडविणारी तोफ आणि ही तोफ यांचे तत्त्व एक आहे. फरक पडतो तो मोजमापाने, नोंदींनी आणि माणसे आडोशाला ठेवण्याच्या शिस्तीने.

याच्या उलट टोकाचा अनुभव आपल्याच शेजारी, मध्य प्रदेशात, २०२५ च्या दिवाळीत आला. त्या वर्षी बाजारात 'कार्बाइड गन' म्हणून प्लॅस्टिकच्या नळीचे एक खेळणे शे-दोनशे रुपयांना विकले जात होते. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, विदिशा अशा ठिकाणी मिळून शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना त्याने इजा झाली, त्यांत मुले पुष्कळ होती, आणि काहींची दृष्टी गेली. शासनाने त्यावर बंदी घातली. हे खेळणे हवेच्या तोफेसारखे दिसते, परंतु ते तिच्या जातीचेच नव्हे. त्यात हवा दाबलेली नसते. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की अॅसिटिलीन वायू निघतो, आणि तो पेट घेतो तेव्हा स्फोट होतो. ज्या वायूच्या ज्योतीने लोखंड कापतात तोच हा वायू. ठिणगी पडूनही बार झाला नाही म्हणजे मूल नळीत डोकावून पाहते, आणि नेमका त्याच वेळी तो उडतो. शेतातली वानरे हाकलण्यासाठी केलेली युक्ती मुलांच्या हाती खेळणे म्हणून देणे हा निष्काळजीपणा मुलांचा नव्हता. तो विकणाऱ्यांचा आणि विकत घेऊन देणाऱ्यांचा होता.

कायद्यानेही या बाबतीत रेघ ओढलेली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेच्या शस्त्रातून सुटणाऱ्या गोळीची ऊर्जा २० ज्यूलहून अधिक असेल किंवा नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरहून मोठा असेल, तर ते परवान्याच्या कक्षेत येते. वरच्या हिशेबातील दहा हजार ज्यूल शेजारी मांडून पाहिले म्हणजे हा आकडा केवढा लहान आहे, ते ध्यानात येते. म्हणून भारतात अशी तोफ उभारू पाहणाऱ्या हौशी माणसाने वर्कशॉपकडे जाण्याआधी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे चौकशीला जावे, हे उत्तम. तोफच हवी असा हट्ट नसेल, तर सायकलच्या पंपाने हवा भरून प्लॅस्टिकच्या बाटलीतले पाणी मागे फेकीत वर जाणारा अग्निबाण शाळेच्या मैदानावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि दोरीच्या पलीकडे मुलांना उभे करून उडविता येतो. दाब, आकारमान, वेग आणि उंची यांचा जो धडा तोफ देते तोच तोही देतो.

छंदाला बंदी हे भीतीवरचे औषध नव्हे. ज्या घरात मुलाच्या हातातून पाना आणि कानस काढून घेतली जाते, त्या घरात यंत्रांची भीती वाढते, समज वाढत नाही. क्टेसिबियसच्या वडिलांनी मुलाला दुकानात केवळ वस्तराच धरावयास लावला असता, तर जग एका थोर यंत्रज्ञाला मुकले असते. मुलांना आणि मोठ्यांनाही एवढेच शिकवावयाचे की, नळीकडे पाहण्याआधी टाकीकडे पाहावे. किती दूर गेले हे विचारण्याआधी कशात साठविले होते, कोणी तपासले होते आणि जादा झाले तर जाणार कोठून होते, हे विचारावे.

वाडीवरच्या त्या मुलाला या प्रश्नांची गरज पडत नाही, कारण त्याच्या नळीला टाकीच नाही. त्याचा वारा त्याच्या तळहाताएवढाच बलवान असतो आणि हात खाली आला की निवून जातो. तो मुलगा मोठा होऊन पंप आणि टाकी हाती घेईल, तेव्हा ती ओळख करून देणारे कोणी जाणते माणूस त्याच्याजवळ उभे असावे.